गुरुवारचा तलाव

आमच्या घरात मला समोर आई म्हणतात आणि पाठीमागे हायकोर्ट. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे. मी शिकले तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. तेवढ्या शिक्षणावर मी दुकानाचे रोजचे चाळीस टॉवेल धुतले, वाळवले, त्यांच्या घड्या घातल्या, एक मुलगा वाढवला, एक सून रुळवली आणि नवऱ्याला चाळीसच्या वर वर्षं वेळेवर दुकानात धाडलं. मी एकदा निकाल दिला की अपील नाही, हे खरं. पण एका गुरुवारी निकाल माझ्यावरच उलटला, त्याची ही हकिगत. सूनबाई म्हणाली, तुम्हीच लिहा आई, मी लिहिलं तर तुम्ही खोडाल.

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान. दोन खुर्च्या, मोठे आरसे, कोपऱ्यात एक बाकडं. अर्ध्या गावाच्या डोक्याला ह्यांचा हात लागलेला. गिऱ्हाईक बसायचं, हे उभे. माणसाने आयुष्य उभ्याने काढलं. आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी समुद्रावरच्या तलावात पोहून यायचे, थंडी असो की वारा.

तो तलाव साधासुधा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाथरवटांनी किनाऱ्याचा खडक छिन्नीने कोरून केलेला. तीन बाजूंना खडक, चौथ्या बाजूला समुद्राकडे जाडजूड भिंत. भरतीला लाट भिंतीवरून आत उडी मारते. दारात दगडी पाटी आहे, तिच्यावर साल कोरलंय, आणि लांबलांबची माणसं त्या पाटीशेजारी उभी राहून फोटो काढतात. मी इतक्या वर्षांत तिथे एकदा पाय बुडवला नव्हता. खारट पाण्यात डुंबायला मी काय म्हैस आहे, असं मी म्हणायचे. हे म्हणायचे, म्हैस निदान गप्प बसते.

सात महिन्यांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, म्हणजे मुळात जेवढं होतं तेवढं. हात तीन महिन्यांनी आला. आता चमचा धरतात, शर्टाची बटणं लावतात. पाय मात्र आला नाही. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, वयाने माझ्या सुनेहून लहान, पण बोलते मोजकं आणि नेमकं. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, पायात ताकद आहे, तो चालणं विसरलाय. कमरेएवढ्या पाण्यात अंग हलकं होतं, तिथे त्याला आठवेल. पण वर्ष उलटायच्या आत न्या. नंतर शरीर आहे त्यातच संसार मांडतं.

सात महिने गेले होते. उरले पाच.

हे नाही म्हणाले. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत हे, मांडीवर कालचा पेपर. जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली की डोळे मिटून घ्यायचे. मी सांगायचे, झोपलेत. गिऱ्हाइकं बघायची की झोपलेल्या माणसाचा अंगठा पेपरचं पान पुढे सरकवतोय. मी पंधरा दिवस मागे लागले. गोड बोलून पाहिलं. तो साठा माझ्याकडे थोडा, दोन दिवसांत संपला. मग कडू बोलले. मग व्यायामवालीला बोलायला लावलं, मुलाला लावलं, सुनेला लावलं. भिंतीवर डोकं आपटलं असतं तर भिंतीला निदान पोपडा आला असता.

मला वाटलं, ह्यांना लाज वाटते. ज्या लोकांच्या चाळीस वर्षं उभं राहून दाढ्या केल्या, ते सगळे सकाळी त्या तलावावर असणार, आणि त्यांच्यासमोर ह्यांना कुणीतरी धरून उतरवणार. मग मी डोकं चालवलं. आठवलं की हे रोज पोहायला जायचे, पण गुरुवारी कधीच नाही. गुरुवारी घरी निवांत चहा पीत बसायचे. ह्यांच्या बरोबरचे ते पोस्टमन, तो शाळेचा शिपाई, तेही गुरुवारी जात नसत. म्हणजे गुरुवारी तलावावर काळं कुत्रं नसणार. झालं. रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं, येत्या गुरुवारी आपण तलावावर जायचं, त्या दिवशी तिथे कुणी नसतं.

मुलाला ठसका लागला. सूनबाई म्हणाली, "आई, गुरुवारी..."

मी म्हटलं, गुरुवारी काय? रजा मिळत नसेल तर राहा घरी, मी टॅक्सी करीन. ती दातांच्या दवाखान्यात लोकांना वेळा देण्याचं काम करते. दुसऱ्यांना वेळ देता देता तिला स्वतःला कधी वेळ नसतो. ती ताटाकडे बघायला लागली.

हे मात्र माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "येईन. एकदाच. पाणी असलं तर उतरेन. नसलं तर परत यायचं, आणि मग हा विषय ह्या घरात कुणी काढायचा नाही. कबूल?"

समुद्रात पाणी नसायला काय झालं, मी मनात म्हटलं. माणूस आजारी आहे, बोलू दे. आणि मुला-सुनेच्या देखत मी म्हणाले, कबूल.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही पोचलो. मुलाने चाकांची खुर्ची गाडीतून काढली, ह्यांना बसवलं, सूनबाईने छत्री धरली. दगडी पाटीवरून पुढे गेलं की कठडा येतो आणि खाली तलाव दिसतो. मी सगळ्यांच्या पुढे होते. कठड्याला हात टेकून खाली बघितलं.

पाणी नव्हतं.

खाली मोठा थोरला दगडी हौद, रिकामा. तळाला हिरवं शेवाळ, मध्येमध्ये डबकी, आणि पाच-सहा माणसं गुडघ्यापर्यंत बूट घालून लांब दांड्याच्या खराट्यांनी शेवाळ खरवडतायत. एकजण भिंतीला चुना फासतोय. एकाच्या बादलीत एक खेकडा चढायचा प्रयत्न करत होता. समुद्र भिंतीच्या पलीकडे लांब, चोराने मुद्देमाल टाकून पळावं तसा मागे गेलेला.

मी वळले. मुलगा बुटाची नाडी बांधत होता; बुटाला नाडी नव्हती. सूनबाई छत्रीच्या काड्या मोजत होती. आणि आमच्या ह्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं पुन्हा झटका आला. मग कळलं, हसतायत. सात महिन्यांत पहिल्यांदा. इतकं हसले की डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला उजवा हात वर गेला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"गुरुवारी तलाव उपसतात, पोहणं दिवसभर बंद," हे म्हणाले. "माझ्या जन्माच्या आधीपासून. चाळीस वर्षं दर गुरुवारी मी तुझ्यासमोर चहा पीत बसलोय. एकदा तरी विचारलंस, आज का नाही गेलात?"

नव्हतं विचारलं. खोटं कशाला बोलू. मला वाटायचं आळस.

सुनेला म्हटलं, तुलाही माहीत होतं? ती म्हणाली, सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तुम्ही टॅक्सी काढलीत. मुलाला तर विचारायलाच नको. घरात तिघांना ठाऊक, आणि मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची म्हणून तिघेही गप्प. एवढ्या वर्षांच्या दराऱ्याचं हे फळ हातात आलं. असा दरारा काय चुलीत घालायचाय?

हे डोळे पुसून म्हणाले, "मी आलो. पाणी नाही. आता घरी."

तेव्हा मला त्यांचा डाव पुरता कळला. होकार दिला तोच गुरुवार म्हटल्यावर. शब्द पाळला, पायही भिजला नाही, आणि वर विषय कायमचा बंद. उरलेले पाच महिने खिडकीशी. पुढे सगळी वर्षं खिडकीशी. आणि ते कुलूप मीच, सगळ्यांच्या देखत, कबूल म्हणून लावून दिलेलं.

मी तिथल्या पायरीवर बसले.  म्हटलं, लोकांची लाज वाटते ना? इथे तर कुणी नाही. मग जिंकल्यासारखे का हसताय?

हे हसायचे थांबले. खाली त्या खराटेवाल्यांकडे बघत म्हणाले, "लोकांचं नाही गं. उजव्या पायाला काही कळत नाही. खाली जमीन आहे का नाही ते कळत नाही. घरात डोळ्यांनी बघून ठेवतो. ह्या पाण्यात पायऱ्या उतरायच्या म्हणजे तळ दिसत नाही. चाळीस वर्षं पोहलो, आणि आता कमरेएवढ्या पाण्यात बुडालो तर?"

सात महिन्यांत हे मला बोलले नव्हते. मी विचारलंच कुठे होतं? मी ठरवून टाकलं होतं की लाज.

मी उठले आणि तडक खाली गेले. ह्या तलावाचा एक मुकादम आहे. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. वीस वर्षांपूर्वी दाढी झाल्यावरही तो दुकानात दोन तास पेपर वाचत बसला होता आणि मी टॉवेल आणायला गेले तेव्हा त्याला विचारलं होतं की तुला घर नाही का. तेव्हापासून तो मला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या फुटपाथवर जातो. आज पलीकडे फुटपाथ नव्हता, समुद्र होता.

मी त्याला म्हटलं, पाणी परत कधी येतं ते मला सांगा. त्याने आधी आजूबाजूला बघितलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलत नाही ना म्हणून. मग नीट समजावलं. भिंतीच्या बुडाशी लोखंडी दार आहे. ओहोटी लागली की ते उघडतात, तलावाचं पाणी समुद्रात जातं. मग दार बंद करून साफसफाई. बाराच्या सुमारास भरतीचं पाणी चढलं की दार पुन्हा उघडतात आणि समुद्र आपणहून आत येतो. हळूहळू. तीन-साडेतीनला तलाव भरतो.

हळूहळू म्हणजे किती, मी विचारलं. तो म्हणाला, पहिला तास तर घोटाही बुडत नाही.

मी म्हटलं, मग माझ्या नवऱ्याला आत्ता खाली तळावर खुर्ची टाकून बसू द्या. त्याला पाण्यात उतरायचं भय आहे. पाणीच त्याच्याकडे येऊ दे.

मुकादम म्हणाला नियम नाही, उपशाच्या दिवशी कामगारांशिवाय कुणी खाली नाही. मी आयुष्यात नियमाशी भांडले आहे, विनंती केलेली नाही. कशी करतात ते नीट ठाऊक नव्हतं. म्हटलं, त्या दिवशी दुकानात मी बोलले ते जास्त बोलले. पेपर दुकानाचा होता, बसायचं बाकडं दुकानाचं होतं, माझं काही जात नव्हतं. आज एवढं करा.  त्याने वर कठड्याकडे बघितलं, ह्यांना ओळखलं, आणि म्हणाला, "साखळीजवळ बसवा. आणि मी सांगेन तेव्हा बाहेर. तुम्ही सांगाल तेव्हा नाही."

ह्यांना पटवायला मला बोलावंच लागलं नाही. मी वर येऊन एवढंच सांगितलं की तळ उघडा आहे, बघून घ्या.  मुलगा म्हणाला, बाबा, राहू दे, घरी जाऊ. तर हे त्याच्यावर डाफरले, "तुझ्या बापाला दगड बघायलाही बंदी आहे का?"

हातगाडी उतरवायचा उतार आहे, त्यावरून मुलाने आणि दोन खराटेवाल्यांनी ह्यांना खाली नेलं. चाकांची खुर्ची वरच ठेवली, मुकादमाची प्लॅस्टिकची घेतली. भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी साखळी बसवलेली आहे, पोहून दमलेल्यांना धरायला. तिच्याशेजारी खुर्ची टाकली. हे बसले आणि आजूबाजूला बघायला लागले. चाळीस वर्षं ज्याच्यावर पोहले ते ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं. भिंतीवर छिन्नीचे घाव, हारीने, प्रत्येक पाथरवटाचा हात वेगळा. ह्यांनी एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, हा डावखुरा असणार, घाव उलटे पडलेत. पुढे एक जागा दाखवली, हा शिकाऊ. केस कापणाऱ्याला हे दिसतं. मग हातातल्या काठीने पायापुढचा दगड चाचपला. इथून उतार, म्हणाले, मागे एक खड्डा, पुढे सपाट. सगळं डोळ्यांत भरून घेत होते.

बाराला मुकादमाने दाराचं चाक फिरवलं. पाणी आलं ते आवाज न करता. आधी लांबवर दगड काळे झाले, मग चमकले, मग एक पातळ जीभ उतारावरून वर येऊन ह्यांच्या चपलेला लागून परत गेली. मी शेजारी उभी. साडी वर खोचली, वहाणा सुनेकडे दिल्या. पाणी बर्फासारखं होतं आणि ते मी सर्वांना ऐकवलं. ह्यांना विचारलं, गार लागतं? हे म्हणाले, डाव्याला लागतं.

घोटे बुडाले. मग पोटऱ्या. मध्ये सूनबाईने डब्यातली पोळी खाली आणून दिली, ती आम्ही समुद्रात बसून खाल्ली. गुडघे बुडाले. भरती चढली तशी भिंतीवरून अधूनमधून तुषार यायला लागले. पाणी खुर्चीच्या बैठकीला लागलं, मग मांड्यांवर आलं. मी विचारलं, उठताय का? हे म्हणाले, बघू. पुन्हा विचारलं. पुन्हा बघू. पाणी पोटाला टेकलं. वर कठड्याशी मुकादम घड्याळ बघायला लागला, आणि मला वाटलं, संपलं. आता हाक येणार, मुलगा उचलणार, आणि विषय बंद.

तेवढ्यात भिंतीवरून एक चांगली जाडजूड लाट आत पडली. तिने खुर्ची हलवली. हे दचकून साखळीला हात घालून अर्धे उठले, पुन्हा बसायला गेले, तर खाली खुर्ची नाही. ती मोकळी झाल्याबरोबर तरंगली आणि हंसासारखी मान वर काढून चालू लागली.

हे ओरडले, "अगं, धर ती."

मी खुर्चीकडे बघितलं. दोन हातांवर होती. मी हलले नाही. मला पोहता येत नाही हे एक कारण. दुसरं मी सांगणार नाही.

हे उभे होते. डावा हात साखळीवर, उजवा माझ्या खांद्यावर, आणि तो खांदा मोडेल असा दाबलेला. वरून मुलगा धावत निघाला, सूनबाईने त्याला मागून शर्टाला धरलं. पाणी ह्यांच्या मांड्यांच्या वर आलं होतं. मी म्हटलं, पुढे सपाट आहे ना? खड्डा मागे राहिला ना? हे म्हणाले, हो, मघाशी बघितलाय. आणि डावा पाय टाकला. मग पुष्कळ वेळ काही नाही. पाण्याखालून त्यांचा उजवा पाय वाकडातिकडा दिसत होता, जसा दुसऱ्याच कुणाचा. मग तो उचलला गेला. माझ्या हाताने नाही, साखळीने नाही. उचलला, पाण्यात जरा डुलला, आणि पुढे जाऊन टेकला.

"टेकला," हे म्हणाले. "लागलं मला. दगड लागला."

साखळीला धरून अकरा पावलं गेलो. बाराव्याला मुकादम वरून ओरडला की आता बाहेर, आणि मी त्याच्याशी भांडले नाही. मुलाने आणि खराटेवाल्यांनी उतारावरून वर घेतलं. पाण्याबाहेर येताच पाय पुन्हा जड झाला, लाकूड झाला; व्यायामवालीने तसं आधीच सांगून ठेवलं होतं. खुर्ची समुद्राच्या भिंतीपाशी जाऊन टकटक करत होती, ती मुकादमानेच लांब आकड्याने ओढून आणली.

परत येताना मी गाडीत मागे, हे पुढे, टॉवेलात गुंडाळलेले. मी एक अक्षर बोलले नाही. दातांखाली जीभ धरली होती. कबूल म्हणून बसले होते, आणि हायकोर्टाने दिलेला शब्द हायकोर्टच मोडायला लागलं तर घराला दार कशाला हवं. मुलगा आरशातून माझ्याकडे बघत होता, आजारी पडले की काय म्हणून.

चौकात गाडी थांबली तेव्हा हे समोरच बघत म्हणाले, "पुढच्या गुरुवारी भरती संध्याकाळी आहे."

मी बाहेर एका दुकानाची पाटी वाचत होते.

"दार सहाच्या पुढे उघडतील," हे म्हणाले. जरा थांबून, "ऐकतेस का?"

मी म्हटलं, मी कसलाही विषय काढलेला नाही.

"मी काढतोय," हे म्हणाले.

सूनबाई माझ्या शेजारी बसली होती. तिने फोन काढला, दवाखान्यात लावला, आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळचे दोन दात शुक्रवारवर ढकलले.